टेकू

सल्माबादच्या आमच्या गॅरेजात
माणसं पायांवरून ओळखली जातात.
निळ्या पट्ट्याची चप्पल म्हणजे गोपालन,
टाचेच्या भेगांत ग्रीस म्हणजे दिलबहादूर,
आणि हे कोरे बूट, नाडी लोंबती,
हा तू, निहाल तिसेकर,
दापोलीहून येऊन अकरा दिवस झालेला.

बाहेर ये.

नाही, पाना राहू दे तिथंच. आधी बाहेर ये.
गिऱ्हाईक उभं आहे, मला दिसतंय.
शेठचा फोन दोनदा वाजला, तोही ऐकला.
तू ये.

आता बघ. गाडीकडे नको, जॅकच्या पायाशी बघ.
साडेदहा वाजलेत, चव्वेचाळीस अंश,
अंगणातलं डांबर पुरणासारखं मऊ झालंय
आणि जॅकची चाकं त्यात बोटभर रुतलीत.
तू आत सरकलास तेव्हा रुतलेली नव्हती.

जॅक उचलतो रे. धरत नाही.
त्याच्या पोटात नुसतं तेल,
आणि तेल अडवायला एक रबरी वायसर,
करंगळीच्या नखाएवढा.
घडानं वाकलेल्या केळीलासुद्धा
आपल्याकडे टेकू देतात,
आणि तू दोन टनांच्या पिकअपखाली
वायसरच्या भरवशावर आडवा झालास.

हसतोस?
‘देव तारी त्याला कोण मारी, काका.’
तारतो ना. त्यासाठीच त्यानं चार टेकू ठेवलेत,
लाल रंगाचे, कॉम्प्रेसरच्या मागे.
जा, घेऊन ये.

सेल्वराजचं नाव तुझ्या कानावर आलं असेल.
नसेल तर बरं.
मी एवढंच सांगतो:
रेडिओवर गाणं लागलं होतं,
गाडीखालून त्याची एक चप्पल हलत होती,
आणि आम्हाला वाटलं
तो ताल धरतोय.

चल. फळी घाल डांबरावर, मग जॅक.
मागच्या चाकांना ठोकळे, दोन्ही अंगांनी.
हँडब्रेकवर विश्वास ठेवायचा तो सिग्नलला.
टेकू चासीखाली, पत्र्याखाली नाही, पत्रा दगा देतो.
खीळ पूर्ण गेली का? बोटानं बघ, डोळ्यानं नको.
आता जॅक सोड, हळू,
वजन टेकूवर उतरू दे.
आणि आत जाण्याआधी
ढकल.
खांदा लावून ढकल, रागानं,
एजंटला मोजलेल्या पैशांचा राग काढ,
माझाही काढ.
पडायची असेल तर आत्ताच पडू दे,
तू बाहेर असताना.

नाही पडली.

तुझ्या मनात काय चाललंय ते कळतंय मला:
मघाशीही कुठं पडली होती?
खरं आहे.
न पडलेल्या गाडीचा पुरावा मी कुठून आणू?
सतरा वर्षांत कितीजणांना
घोट्याला धरून ओढून काढलं,
एकजण म्हणाला नाही, वाचलो.
सगळे म्हणाले, वेळ गेला.

*

गिऱ्हाईक पंचवीस मिनिटं उशिरा गेलं.
शेठनं माझ्या पगारातून तीन दिनार कापले,
आणि वर, चहा तुझ्या खर्चानं पाजलास का, म्हणून विचारलं.
रात्री तू फोन धरून आईला खोली दाखवत होतास,
बंकवरची गादी, कुकर, खिडकीतला एसी.
‘आणि हे आमचे काका, फार कटकट करतात.’
मी हात हलवला.
काय काम करतोस, तिनं विचारलं.
ऑफिसात असतो, म्हणालास.
मीही माझ्या घरी हेच सांगत आलोय.

आज सकाळी मी गिअरबॉक्सखाली होतो.
कोरे बूट आले, माझ्या डोक्याशी थांबले.
टेकूवर बोट फिरलं असावं,
खीळ हलवून बघितल्याचा आवाज आला, टक,
मग दुसऱ्या बाजूला, टक,
आणि गाडीला एक धक्का, हलकासा,
आत माणूस आहे हे विसरून.

आई घालायचं राहिलं त्याला,
बूट तोवर निघून गेले होते.
नाडी अजून सुटलेलीच.